बंद घरांची हजेरी

खिडकी लावून घे आधी. आणि दिवा राहू दे तसाच. लोरेदाना औषधाच्या दुकानातल्या कामावरून यायला अजून वेळ आहे, तोवर सांगते. तू शेजारीण म्हणून विचारलंस, की आजी, डोंगरातलं एवढं मोकळं गाव सोडून या तोरिनो शहराच्या खुराड्यात लेकीकडे कशाला आलात? मोकळं! मोकळंच होतं बाई आमचं रोवाइना. इतकं मोकळं, की शेवटी हिवाळ्याला आम्ही तीनच माणसं उरलो होतो. मी, माझा नवरा सेवेरिनो आणि त्याचा चुलतभाऊ फिर्मिनो.

त्या दिवशी मी फिर्मिनोकडे पावासाठी आंबवलेलं पीठ मागायला गेले होते. जानेवारी चालू होता. आमच्याकडे ऊन नोव्हेंबरात जे जातं ते फेब्रुवारीतच परत येतं. समोरचा कडाच एवढा उंच, की सूर्य त्याच्या मागून वर येतच नाही. भर दुपारीसुद्धा दिवेलागणीइतकाच उजेड. दोन दिवस बर्फ पडून थांबला होता आणि वरून धुकं उतरलं होतं. सगळी धुराडी थंड, फक्त आमची दोन चालू. आमच्या दोन घरांतून चर्चपर्यंतचा बर्फ तेवढा येऊन-जाऊन तुडवलेला. शाळा बंद, दूध गोळा करायची खोली बंद, पाद्रीसुद्धा वर्षातून एकदा यायचा, तोही उन्हाळ्यात.

"काय वहिनी, पुन्हा आंबवण मेलं?" फिर्मिनो दारातूनच ओरडला. "तुमच्या घरात काही टिकत नाही बघा."

"टिकतं की. तुमचा भाऊ टिकलाय पन्नास वर्षं."

"तो आमच्या घरातला माल आहे. म्हणून टिकला."

हसत हसत वाडगा घेऊन परत आले, तर सेवेरिनो चुलीपाशी जमिनीवर. छातीवर हात, ओठ निळसर. म्हणतो कसा, "काही नाही गं, जरा पाय घसरला." मेला जन्मभर असाच. हात मोडला तरी म्हणायचा, जरा लचकलाय. मी त्याला उशी दिली, घोंगडी घातली आणि फोन लावला.

खालचे बचाववाले भले होते, त्यांना दोष नाही. म्हणाले, धुक्यात हेलिकॉप्टर उडत नाही. गाडी खालच्या पुलापर्यंत येईल, पण पुलापासून वर गावापर्यंत पुरुषभर बर्फ. "आम्ही खालून काढत येतो, तुम्ही वरून काढत या. अंधाराआधी भेटलो तर वाचतील ते. वर किती माणसं आहात तुम्ही?"

"दोन," मी म्हटलं. "दोघंही सत्तरी ओलांडलेली."

पलीकडच्या माणसानं मागे कुणाला तरी फावडी गाडीत टाकायला सांगितलं. मग म्हणाला, "जमेल तेवढं काढा, आजी."

मी फिर्मिनोला हाका मारत धावले. तो फावडं घेऊन निघाला, पण वाटेला न लागता चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. मला कळलं तो काय करणार ते.

आमच्याकडे रीत होती. मोठा बर्फ पडला की घरटी एक माणूस फावडं घेऊन चर्चपाशी यायचं. गावचा वडीलधारा पायरीवर उभा राहून एकेका घराचं नाव पुकारायचा आणि त्या घरच्यानं 'आहे' म्हणायचं. आडनाव सगळ्या गावाचं एकच, रोवेरा, म्हणून नावं घरांचीच असत. 'आहे' म्हटलेल्या घरानं माणूस द्यायचाच, मग घरात सुतक असो की बाळंतीण. आणि घर बंद पडलं तरी त्याचं नाव गळायचं नाही. छप्पर कोसळेपर्यंत पुकारायचं, श्वासभर थांबायचं, पुढचं घ्यायचं. बंद घराच्या वतीनं मात्र कुणी ओ द्यायची नाही. हे आम्हाला लहानपणीच बजावलेलं असायचं, विस्तवात हात घालू नये तसं.

"भावजी, माझा नवरा मरायला टेकलाय आणि तुम्ही हजेरी कसली घेताय!"

"हजेरीशिवाय पहिलं फावडं मारलं नाही कधी कुणी, वहिनी. माझ्या बापानंही नाही. दोन मिनिटं लागतात." त्यानं टोपी काढली आणि धुक्याकडे तोंड करून पुकारलं, "झऱ्यावरचं घर!"

कुणी नाही. झऱ्यावरचे सगळे फ्रान्सला मोटारीच्या कारखान्यात गेले.

"सुताराचं घर!"

सुताराची शेवटची सून त्याच्या आदल्या वर्षीच वृद्धाश्रमात गेलेली.

"तीन बहिणींचं घर!"

तीन बहिणी चर्चच्या मागे, कबरस्तानात, ओळीनं.

तो असा एकेक नाव घेत होता आणि प्रत्येक नावानंतर ती शांतता. माझ्या डोक्यात तिडीक गेली बाई. एवढी घरं! एवढे हात होते या गावाला! मी सून म्हणून आले, तेव्हा या पायऱ्यांवर उभं राहायला जागा मिळत नव्हती. घटकाभरात वाट पुलापर्यंत साफ व्हायची, पोरं मागून घसरत यायची. आणि आज माझा माणूस मरतोय, तर कुणी नाही? एकजणही नाही?

"मुक्याचं घर!" फिर्मिनो म्हणाला.

"आहे!" मी ओरडले.

फिर्मिनोची मान झटकन वळली. "वहिनी..."

"आहे! झऱ्यावरचं आहे, सुताराचं आहे, तिघी बहिणींचंही आहे! सगळी आहेत! आमचं उन्हाचं घरही आहे! घ्या हजेरी!"

"वहिनी, गप... गप बसा..."

मी बसले नाही. आठवतील तेवढी सगळी नावं घेतली आणि प्रत्येकाला 'आहे' म्हटलं. मला पश्चात्ताप झाला असेल असं तुला वाटत असेल. अजिबात नाही. तशी वेळ आली तर पुन्हा म्हणेन, असंच मी परवापर्यंत म्हणत होते.

फिर्मिनो पायरीवर मटकन बसला. टोपी हातात तशीच. आम्ही दोघं धुक्यात बघत राहिलो.

आधी वास आला. गोठ्याचा वास, ओल्या लोकरीचा, चरबी लावलेल्या बुटांचा. गावात गाय राहिली नव्हती किती वर्षांत. मग शाळेच्या बाजूनं आवाज आला. खस्... खस्... लाकडी फावड्याचा. लोखंडी फावडं कर्कश वाजतं, लाकडी असं दमदार वाजतं. मग झऱ्याकडून दुसरा. मग तिसरा. मग मोजायची सोय राहिली नाही. धुक्यात चहूकडून खस् खस् आणि कुणाचं तरी खाकरणं, कुणाचं तरी थुंकणं.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. मी तिथं उभी राहून रडले बाई, गाव भरल्याच्या आनंदानं रडले. लग्नातसुद्धा एवढी रडले नव्हते.

"चला भावजी, उठा! सगळे आलेत. पुलापर्यंत जायला कितीसा वेळ लागतोय आता!"

तो उठला नाही. "वहिनी, ऐका नीट," तो कुजबुजला. "आवाज खाली चाललाय का?"

मी कान दिला. कळेना. धुक्यात दिशा कळत नाही. मी स्वतः वाटेच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. पुलाकडच्या वाटेवर बर्फ जसाच्या तसा, त्यावर पाखराचं पाऊलसुद्धा नाही. मी मनाशी म्हटलं, असू दे, आधी गावातलं काढतील, मग खाली जातील. मी फावडं मारत सुटले. कंबरेइतका खड्डा झाला, वर बघितलं तर पुढं सगळं पांढरंच. मागं मात्र खस् खस् चालूच. जोरात. एका तालात.

उजेड कमी व्हायला लागला तशी मी फावडं टाकून घरी धावले. सेवेरिनो जागा होता. चेहरा चुलीतल्या राखेच्या रंगाचा, पण डोळे स्वच्छ.

"लोक आलेत," मी त्याचे हात चोळत म्हटलं. "ऐकतोस ना? सगळं गाव आलंय. आता उतरवतील तुला खाली."

"ऐकतोय कधीचा." तो थोडा हसला. "मधला तो खोकला ऐकलास? आमचा बाबा."

"बोलू नकोस."

"डेल्फिना, ते खाली नाही चाललेत गं. ते इकडे येतायत."

आवाज आता भिंतीच्या पलीकडे होता. चुलीवरचा टोप बारीक थरथरत होता. मग दारापाशी एक शेवटचं फावडं वाजलं, आणि सगळं एकदम थांबलं. अख्ख्या गावानं श्वास रोखल्यासारखं.

"दार उघड," सेवेरिनो म्हणाला. "कामाला आलेल्यांना थंडीत उभं ठेवू नये."

"नाही उघडत."

"उघड गं. लाज काढशील माझी."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले, त्याच्याकडे तोंड करून. मी त्याला बघत राहिले, तोही मला बघत राहिला. कुणी दार ठोठावलं नाही, ढकललं नाही. मग कधी तरी माझ्या लक्षात आलं, की बघतेय ती मी एकटीच.

दार मी नंतर उघडलं. आता कशाला भ्यायचं होतं? बाहेर कुणी नव्हतं. आमच्या उंबऱ्यापासून सरळ एक वाट काढलेली होती, दोन्ही बाजूंनी माझ्या डोक्यापेक्षा उंच भिंती, सुरीनं कापाव्यात तशा गुळगुळीत. खाली एक कण बर्फ नाही. चौघं जण पेटी खांद्यावर घेऊन आरामात चालतील एवढी रुंद. ती वाट चर्चला वळसा घालून थेट कबरस्तानाच्या फाटकापाशी जात होती. फाटक उघडं होतं.

फिर्मिनो आत आला आणि त्यानं सेवेरिनोचे डोळे मिटले. मी त्याच्या अंगावर ओरडले. त्याच्यावर कशाला, पण दुसरं होतं कोण! "एवढी माणसं होती! पुलापर्यंत गेली असती तर वाचला असता तो! पुलाकडे का नाही गेली ती?"

"पुलाकडे कशाला जातील, वहिनी?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पुलावरून गेले ते कुणी परत आले नाहीत. तुमच्या हाकेला ओ दिली ती गावात राहिलेल्यांनी. त्यांना ही एकच वाट ठाऊक आहे."

बचाववाले दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. ती वाट बघून त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आजोबा, ही कुणी काढली?" फिर्मिनो म्हणाला, "गावानं." त्यांनी आमची कीव केली असावी. पुरायला लोरेदाना तोरिनोहून आली, त्याच वाटेनं आम्ही सेवेरिनोला नेलं आणि त्याच आठवड्यात तिनं मला इकडे आणलं. फिर्मिनो महिन्याभरात खाली दरीतल्या वृद्धाश्रमात गेला आणि तिथंच वारला. रोवाइनाचं नाव कागदोपत्री खालच्या गावात विरघळलं. झालं, संपलं गाव. मी म्हटलं, चला, आता पुकारायलाच कुणी नाही.

ही झाली मागच्या हिवाळ्याची गोष्ट. आता तुला बोलावलं ते कालच्यामुळे. तोरिनोत या वर्षी बर्फाचा तुकडा पडलेला नाही, तुला माहीत आहे. पण डोंगरात मोठा पडलाय, रेडिओवर सांगत होते. काल लोरेदाना भांडी घासताना एकदम कळवळली. मी हात धरून बघितला. दोन्ही तळव्यांना फोड. अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या पेऱ्यांवर. फावड्याच्या दांड्यानं येतात तिथंच. जन्मभर गोळ्यांची पाकिटं उचलणारी माझी पोर.

"कुठं गेली होतीस?" मी विचारलं.

"कुठं जाणार? झोपले होते." हात ओढून घेऊन ती परत पाण्यात घालायला लागली. तिच्या केसांना गोठ्याचा वास येत होता.

मी आमच्या उन्हाच्या घराच्या नावानंही 'आहे' म्हटलं होतं ना. म्हटलेल्या घरानं माणूस द्यायचाच. घरात आता माणूस कोण? मी तर त्या हिवाळ्यानंतर फावडं उचलू शकत नाही.

"लोरेदाना," मी म्हटलं, "वाट... कुठवर आली?"

तिनं खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या, लहानपणी पाढे म्हणताना घालायची तशा.

"पूल ओलांडला," ती म्हणाली. "हळू चाललंय काम. त्यांना खालून इकडे यायचा रस्ता माहीत नाही ना, आई. म्हणून मी पुढं असते."