बाकीच्यांचं पान

ही घडलेली गोष्ट आहे. दोक्सूला विचारलंत तर तो विषय बदलेल, पण खोटी आहे असं म्हणणार नाही.

जपानमधला एक डोंगर. नोव्हेंबरची दुपार. युद्धाच्या काळात विमानांचे भाग बनवायला त्या डोंगराच्या पोटात कारखाना खोदला होता. खोदणारे कोरियातून धरून आणलेले. त्यातच दोक्सूचे आजोबा, त्याच्या आईचे वडील. ते परत आलेच नाहीत.

नव्वदीला टेकलेल्या आईची एकच इच्छा उरली होती. बापाला एकदा तरी जेवू घालायचं. पण तिला आत चालवेना. ती गाडीत बसून राहिली.

दोक्सू आणि त्याची ओक्रानताई बोगद्यात शिरले.

ताईने वाडगा खाली ठेवला. भातात चमचा उभा रोवला.

"आता पाठ फिरव. गेलेल्या माणसाला जेवताना बघायचं नसतं. थोड्या वेळानं खोकायचं, मगच वळायचं. नाहीतर आजोबा अर्ध्या घासावरून उठतील."

"त्यांना माझा खोकला कसा कळणार?"

"गप रे! इथे तरी."

दोघं पाठमोरे उभे राहिले.

छतातून पाणी टपकत होतं...

मग तेही थांबलं.

चमचा वाजला. हलकेच...

ताईने दोक्सूचा हात घट्ट धरला.

आवाज वाढला. भराभर, खरवडल्यासारखा... एकटा माणूस असं जेवत नाही.

"दोक्सू," ताई पुटपुटली, "बाकीच्यांचं पान राहिलं रे!"

त्यांच्याकडे श्राद्धाला बेवारस आत्म्यांसाठी दाराबाहेर वेगळा भात ठेवायचा असतो. त्या भाताचा डबा घाईघाईत गाडीतच राहिला होता.

दोक्सू कसाबसा खोकला.

खरवडणं थांबलं.

आणि मागून कोणीतरी खोकलं...

मग आणखी एक...

मग अख्खा बोगदा खोकायला लागला. दगडाची भुकटी छातीत बसलेली माणसं खोकतात, तसा.

दोघं जीव मुठीत धरून पळत सुटले. वाडगा तिथेच राहिला.

"जेवला का रे माझा बाप?" आईने विचारलं.

"जेवले," दोक्सू म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

कोरियात घरी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी जेवताना आईने चमचा खाली ठेवला.

"दाराबाहेर कोण खोकतंय?"

कोणीच उठलं नाही.

तेव्हापासून ते रोज दाराबाहेर पातेलंभर भात ठेवतात. सकाळी पातेलं चाटूनपुसून लख्ख असतं. खोकला मात्र थांबलेला नाही...

आणि आई रोज कान देऊन ऐकते, रोज तेच विचारते.

"यातला माझा बाप कोणता रे?"