एपिडिया आत्याच्या भिंतीतलं दार

तुम्हाला पटणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

पोंपेईतलं तिचं घर. मोठ्या भूकंपानंतरचा दुसरा उन्हाळा. भर दुपार, सगळं शहर झोपलेलं.

एपिडिया आत्या जेवणघरात एकटीच होती. सासरे नुमेरियस नुकतेच वारले होते. जाता जाता बजावून गेले होते, "माझा मुलगा गेला. तुझ्या पोटी मूल नाही. आता या घरात तुझं काय? चालती हो."

आत्या गेली नव्हती.

आणि मग...

टक. टक. टक.

रस्त्यावरच्या दारावर नव्हे. भिंतीवरच्या.

नुमेरियसनी हौसेनं जुन्या पद्धतीची भिंत रंगवून घेतली होती. खांब, कमानी आणि मधोमध एक बंद दार. नुसता रंग. मागे शेजाऱ्याची सलग भिंत.

मग रोज दुपारी तेच. स्वयंपाकीण त्या खोलीत पाय टाकेना.

आत्यानं फिलेरॉस रंगाऱ्याला बोलावलं.

"असली दारं आता कोण ठेवतं, बाई? टाचे मारून भिंत खडबडीत करतो, वर ओला चुना, सपाट लाल रंग. सध्या तेच चालतं."

"झाकलं म्हणजे म्हातारा जाईल? उलट कुठून येतो तेही दिसायचं नाही. तू अडसर रंगव. माझ्या बाजूनं."

त्यानं तेवढाच तुकडा खरवडला, ताजा चुना लावला आणि ओल्यावरच अडसर रंगवला. "वाळला की दगड. पुसायचा नाही."

दुसऱ्या दिवशी...

अडसर सरकवलेला होता. रंगाला ओरखडाही नव्हता.

फिलेरॉसनं ते पाहिलं आणि सामान तिथेच टाकलं. "बाई, घर विकून टाका."

आत्याचं डोकंच फिरलं. खुर्ची ओढून ती दारासमोर बसली. आतून टक झालं की ती दोनदा वाजवायची.

"लग्नाच्या मशाली लावून आणलंत मला या घरात, मामंजी. आता या बाहेर. बघू कोण कोणाला काढतं ते."

पुढे तिनं वाट बघणंही सोडलं. जेवताना वाजवायची, उठताबसता वाजवायची.

एका दुपारी पलीकडून काहीच आलं नाही.

मग... लाकूड घासल्याचा आवाज.

आत्यानं पाहिलं. अडसर भिंतीवर नव्हताच. तिथला चुना कोरा होता.

"आतून लावून घेतलाय त्यानं," आत्या हसत सांगते.

घर आज तिचंच आहे. मी मात्र त्या खोलीत जेवायला बसत नाही. मेलेल्या माणसानं स्वतःला कोंडून घ्यावं, असं तिकडून त्याला काय दिसलं असेल?

आत्या अजूनही रोज दुपारी ते दार वाजवते.