वाळुंजाची फांदी

"पुस्तक आहे असं कॉम्प्युटर सांगतोय, आणि कपाटात तर न्हाई... मग गेलं कुठं?"

मी मान वर केली. देवघेवीच्या टेबलापलीकडे एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. केस इतके बारीक कापलेले, की फौजी आहे हे वेगळं सांगायला नको.

"कुठलं पुस्तक?" मी विचारलं. माहीत असूनही.

"चिनी कविता. जुन्या. इंग्रजीतनं."

सांगलीतल्या आमच्या वाचनालयात सहा वर्षांत हे पुस्तक कुणी मागितलं नव्हतं. "बाहेर गेलंय," मी ठोकून दिलं.

"आई," माझ्या खुर्चीमागे चित्र रंगवत बसलेली सृष्टी म्हणाली, "ते तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे ना? निळं निळं?"

चार वर्षांची मुलगी सोबत घेऊन कामावर बसलं की काही लपवता येत नाही. मी मुकाट्यानं ड्रॉवर उघडला.

त्यानं उभ्याउभ्याच पानं चाळली आणि एका पानावर थांबला. कवितेच्या कडेला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात मराठी ओळी होत्या. पुढच्या पानावरही. त्याच्याही पुढच्या.

"हे कुणी लिहिलंय?"

"असतात असे वाचक..."

"लायब्ररीच्या पुस्तकात लिहिणाऱ्याला काय शिक्षा असती?"

"सभासदत्व रद्द."

"आणि लायब्ररीवालीच लिहीत असंल तर?"

हसला नाही तो. फक्त डोळे हसले. माझे कान तापले. मी तारखेचा शिक्का उचलला आणि गरजेपेक्षा जरा जोरातच मारला. "पंधरा दिवसांत परत आणायचं."

"आणतो की." कार्ड त्याच्या बहिणीचं होतं. त्याचं नाव वीरधवल. गाव फलटणच्या बाजूला. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता आणि थोडे दिवस बहिणीकडे राहणार होता.

पंधरा दिवस कसले... तिसऱ्याच दिवशी आला. माझ्या ओळींच्या खाली त्याच्या ओळी होत्या. पेन्सिलीनंच, पण माझ्यापेक्षा ठसठशीत अक्षरात.

"तुम्हाला चिनी येतं?" मी विचारलं.

"फौजेनं शिकवलं. समोरचा काय बोलतोय ते कळाय नको?"

"मग इंग्रजीतून कशाला वाचता?"

"आमी शिकलो ते 'थांबा', 'मागं व्हा', 'तुमचा साहेब कुठाय'. कवितेत असलं काय येतच न्हाई!"

मी हसले. मोठ्यानं. वाचनकक्षातल्या दोन म्हाताऱ्यांनी पेपर खाली करून पाहिलं. सृष्टीनंही रंग थांबवून पाहिलं... आईला असं हसताना तिनं फारसं ऐकलेलं नव्हतं.

मग तो येतच राहिला. हळद शिजवायचे दिवस होते, खिडकीतून तो उग्र, मातकट वास आत यायचा. तो आला की पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये उघडं असायचं. बोलणं कमी, पेन्सिल जास्त.

"ही एक चूक हाय तुमची," एकदा तो म्हणाला. "चूक म्हणजे... तुमी झाड तसंच सोडलंय. 'विलो'. मराठीत का न्हाई केलं?"

"आपल्याकडे नसतं ते झाड."

"कोण म्हनलं? वाळुंज! आमच्या वढ्याला लय हाय. तुमच्या कृष्णेलाबी हाय. चला, दाखवतो."

"आत्ता?"

"झाड पळून जात न्हाई. पर माझी सुट्टी पळतीय."

रविवारी गेलो. सृष्टीचं बोट मी घट्ट धरलं होतं. नदीची पायरी दिसली की माझी मूठ आपोआप आवळते. त्यानं ते पाहिलं. नुसता पाण्याच्या आणि सृष्टीच्या मधून चालायला लागला. एवढंच. पण मी ते लक्षात ठेवलं.

पाण्यावर वाकलेलं साधं झाड होतं ते, लांब अरुंद पानांचं. लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेलं... आणि कवितेत भेटलं तेव्हा मला परकं वाटलं होतं!

"लांब जाणाऱ्या माणसाला ते लोक याची फांदी मोडून द्यायचे," तो म्हणाला. बोलता बोलता त्याचा हात एका फांदीकडे गेला.

"नको," मी म्हणाले. "मोडू नका."

हात तिथंच थांबला. सृष्टी वाळूत रेघा ओढत होती. मग तो सावकाश म्हणाला, "दर सुट्टीत घरची पोरी बघाय नेत्यात. चहा पिऊन होतो तवर सुट्टी संपती. यंदा मी कुठंच गेलो न्हाई. का, ते तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. म्हणूनच भीती वाटत होती.

"फौज सोडा म्हटलं तर सोडाल?"

"न्हाई. अजून आठ-धा वर्सं हायत. खोटं कशाला सांगू?"

"मग माझंही खरं सांगते. या पुस्तकातल्या सगळ्या बायका दारात उभ्या राहून वाट बघतात. मी एकदा बघितली. सृष्टीचे बाबा कामासाठी मिरजेला गेले, मोटारसायकलवरून... जेवायला येतो म्हणाले होते, वाटेत अपघातात गेले. तीन वर्षं झाली. परत मी दारात उभी राहणार नाही. सृष्टीला तर मुळीच उभं करणार नाही."

 मग ती फांदी त्यानं मोडलीच. वीतभर. "आता देऊ?" म्हणाला.

मी घेतली. दुसऱ्या दिवशी तो गावी गेल्याचं कळलं, पुस्तक सोबत घेऊनच.

फांदी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर टाकून दिली होती. माझी आई, विजयमाला, शेतकऱ्याची लेक. ओली फांदी कचऱ्यात टाकणं तिच्या हातून होतच नाही. तिनं तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरली, फांदी खोचली आणि डबा मागच्या गॅलरीत ठेवला. माझ्या मागे सृष्टी, तिच्या खोकल्याचं औषध, माझी नोकरी... डब्याकडे मी पाहिलंच नाही. पाहायचं नाही असं ठरवलं होतं म्हणा.

जानेवारी सरत आला तेव्हा त्याची बहीण पुस्तक परत घेऊन आली. मी परतीची नोंद केली, आणि न राहवून वाळुंजाच्या कवितेचं पान उघडलं. कडेला माझी जुनी ओळ होती. 'तू नेलीस ती फांदी कुठल्या घाटात वाळली असेल?' कवितेवरून सुचलेली, पण कवितेत नसलेली, माझीच.

खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'फांदी तुमच्याकडं हाय. वाळली असली तर कळवू नका. २८ तारखेला लोणंदहून दुपारची गाडी.'

उद्याच अठ्ठावीस होती.

घरी येऊन चप्पल न काढताच गॅलरीत गेले. फांदीला तीन ठिकाणी पोपटी फुटवे आले होते. तांदळाच्या दाण्याएवढे.

"आई, हे कधी झालं?"

"आठ दिवस झाले की. सृष्टी रोज पाणी घालती." आईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "संयोगिता, तुला कशाची भीती वाटतीय?"

"तो परत आला नाही तर?"

"मिरजेहून येणाराबी आला न्हाई, बाळ," आई हळूच म्हणाली. "जवळ असला म्हणून काय येतोच का?"

मी खाली बसले. तीन वर्षं मी सृष्टीचं कपाळ रात्रंदिवस चाचपत होते, पायऱ्या मोजत होते, बोट आवळत होते. त्यानं काय थांबलं होतं? आणि जो माणूस न सांगता पाण्याच्या बाजूनं चालतो, त्याला मी नाही म्हटलं होतं.

"सकाळची पॅसेंजर किती वाजता आहे गं?"

सृष्टीला स्वेटर, टोपी, पाण्याची बाटली, खोकल्याचं औषध. माझ्या पर्समध्ये पुस्तक आणि आणखी एक वस्तू. मांडीवर डबा. कराड गेलं, कोरेगाव गेलं, वाठार गेलं. फाटकाफाटकाला उसाचे ट्रॅक्टर आमच्या गाडीसाठी खोळंबले होते. माझं ठरलं होतं.

लोणंदच्या फलाटावर तो काळ्या ट्रंकेवर बसला होता. शेजारी नऊवारीतल्या एक बाई. मला पाहून तो उठला, आणि उभाच राहिला.

"ही कोण रं?" बाईंनी विचारलं.

त्याच्या तोंडून शब्द फुटेना. चिनी, मराठी, काहीच नाही.

"मी संयोगिता. सांगलीची," मीच म्हणाले. "ही माझी लेक, सृष्टी. जिथं मी, तिथं ती. हे आधीच सांगते."

"मी त्येची आई, शालूबाई." त्यांनी मला खालून वर पाहिलं, मग सृष्टीच्या नाकापर्यंत आलेली टोपी नीट केली. "म्हंजी ह्येच्यापायी ह्यो यंदा पोरी बघाय गेला न्हाई व्हय! आन् डब्यात काय हाय?"

"वाळुंज. तुमच्या ओढ्याला लावाल?"

"वढ्याला काय कमी हाय त्येची? सांगलीस्नं झाड आणलंस, लोणंदला!" त्या हसायला लागल्या. "आन् पानी कोन घालनार?"

"मी येईन घालायला. तुम्ही बोलावलंत तर."

शालूबाईंनी डबा माझ्या हातून घेतला आणि कडेवर घ्यावा तसा धरला. "ये की," म्हणाल्या. "उन्हाळ्याच्या आत ये. जगाय पायजे न्हवं ते."

गाडीची घोषणा झाली. मी पर्समधून पुस्तक काढलं. आणि तारखेचा शिक्का.

"सरकारी शिक्का चोरून आणला?" अखेर त्याला वाचा फुटली.

"उद्या परत ठेवीन. पुढची सुट्टी कधी?"

"जुलैत... पर नक्की न्हाई सांगता येत. तिकडचं काय..."

"जुलै शेवट धरते." मी अंगठ्यानं आकडे फिरवले. शिक्का सरळ उठला, आणि मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. "उशीर झाला तर मी रागावेन. पण पुस्तक स्वतः आणून द्यायचं. बहिणीकडून पाठवलेलं चालणार नाही."

"आणि दारात उभं राहायचं न्हाई म्हनला होता, ते?"

"नाहीच राहणार. कामावर असेन. टेबलाशी यायचं, हे द्यायचं आणि दुसरं पुस्तक मागायचं."

गाडी आली. ट्रंक आत गेली. सृष्टीनं त्याच्या पँटचं कापड ओढलं. "काका, ही गाडी परत येते का?"

"येती की, बाळा. हीच उलटी येती."

"सांगलीला?"

तो माझ्याकडे पाहत होता. "व्हय," म्हणाला. "सांगलीलाच."

गाडी हलली. सृष्टीचं बोट माझ्या हातात होतं, सैल. मी दुसरा हात वर केला आणि शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत खाली घेतला नाही.