प्रमोदकाकांच्या कॅप्सूल

"पटकन भर, काका येतील!" तनू कुजबुजली.

लेस्टरच्या बुद्धविहाराच्या किचनमध्ये रचना आणि तनू कॅप्सूल उघडून आतली हिरवट पूड सिंकमध्ये ओतत होत्या आणि पिठीसाखर भरत होत्या. बाहेर हॉलमध्ये हाफ-टर्मच्या सुट्टीतल्या अभ्यास शिबिराची शेवटची क्विझ सुरू व्हायची होती.

तनूचा धाकटा भाऊ कुश शिबिरात आल्यापासून धड झोपत नव्हता. त्याचे हात थरथरायचे. दोघींनी मग शिबिरात बुद्धी वाढवायला रोज वाटल्या जाणाऱ्या कॅप्सूलचा डबाच गाठला. 'भरपूर कॅफिन. अठरा वर्षांखालील मुलांना देऊ नये,' असं त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं! पण शिबिर घेणाऱ्या प्रमोदकाकांनी ते उडवून लावलं. "अगं, रचना हेच खाऊन मॅथ्समध्ये पहिली आली. लिव्हिंग प्रूफ!"

रचनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परीक्षेच्या वेळी काकांनी दिलेली एकही कॅप्सूल तिने गिळली नव्हती. वास मारतो म्हणून सगळ्या बिनमध्ये टाकल्या होत्या. पण काकांनी भर सभेत तिची पाठ थोपटली, तेव्हा ती मान डोलावून मोकळी झाली. कौतुक आवडलं होतं तिला, खोटं कशाला सांगा.

क्विझच्या आधी काकांनी सगळ्यांना कॅप्सूल वाटल्या. मुलांनी उत्तरांचा धडाका लावला. काका खूश. "बघितलंत? ब्रेन पॉवर!"

"काका, त्यात पिठीसाखर होती," तनू म्हणाली.

काका गोंधळले. "पण मग रचनाचं काय?"

गप्प बसणं सोपं होतं. खरं काय ते तनूलाही माहीत नव्हतं. रचनाने कुशकडे पाहिलं. "मी एकही खाल्ली नाही, काका. टाकून दिल्या. तुमचा गैरसमज तसाच राहू दिला."

पुढे बसलेल्या, विहारातल्या ज्येष्ठ भीमाबाई आजींनी डबा मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला. "प्रमोद, तपासल्याशिवाय काही मानू नका, असं आपणच पोरांना सांगतो ना? कुशला आजच डॉक्टरांकडे ने. आणि या पोरींना शाबासकी दे."

काकांनी कान पकडले आणि शाबासकी दिली. रचनाला ती घेववेना.

कुश तिच्याजवळ आला आणि त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "मग तू फर्स्ट कशी आला, ताई?"

"रोज गणितं सोडवून."

"मला का नाही सांगितला? मी तुझ्यासारखा व्हायला डबल खाल्ला. गुपचूप."

रचनाने त्याचा हात धरला. "सॉरी, कुश. उद्या घरी ये. आपण एकत्र बसू."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

कुश लगेच हसला. त्याने पुन्हा तिच्यावर विश्वास ठेवला, आणि तेच तिला जास्त लागलं.