अंधारात फेकलेला दोर

शिडं शिवायच्या कारखान्यात दिवे गेले आणि मशीनं एकदम मुकी झाली. भाचरं निमित्तालाच टेकली होती, ती लगेच चपला शोधायला लागली.

"बसा खाली," मामा अंधारातूनच म्हणाले. "सकाळी शीड द्यायचंय. दिवे येतील तोवर एक सांगतो. ऐकीव नाही. जिच्यावर हे गुदरलं तिची शिडं मीच शिवतो."

"भुताची आहे?" भाचीने विचारलं.

"ते तू ठरव. पण मध्ये खिदळलीस तर उरलेली शिवण हाताने घालायला लावीन."

आणि मामांनी सांगितलं ते असं.

धक्क्यावर त्या बाईला सगळे कप्तानीण म्हणत. निम्मे आदराने, निम्मे टवाळीने. तिला दोन्ही सारखंच. वय साठीच्या पुढे, आवाज असा की पलीकडच्या होडीत झोपलेला माणूस दचकून "आलो, आलो" म्हणायचा. स्वतःची शिडाची होडी तिने स्वतः बांधली होती, घरामागच्या गॅरेजमध्ये. नोकरीवरून यायचं, पदर खोचायचा आणि रंधा हातात घ्यायचा. वर्षानुवर्षं हेच. लोक म्हणायचे, होडी पाण्यात जायच्या आधी ही बाई वर जाईल. होडी पाण्यात गेली. म्हणणाऱ्यांतले दोघे वर गेले.

त्या वर्षी बातमी आली की हे बंदर बुजवणार. नोव्हेंबरअखेर ज्या होड्या धक्क्याला उरतील त्या क्रेनने उचलायच्या आणि फोडायच्या. आजूबाजूला कुठे जागा शिल्लक नव्हती. कप्तानिणीला जागा मिळाली ती थेट समुद्रापार, तीन रात्रींच्या वाटेवर. आणि बंदर कचेरीचा नियम असा की मोकळ्या समुद्रावर जायचं तर होडीत तीन माणसं पाहिजेत. एक जागं, दोन झोपलेली. तिघांहून कमी असतील तर परवाना नाही.

दोन होती. एक ती स्वतः, दुसरी तिची मैत्रीण. जन्मभर नर्स म्हणून राबलेली, म्हणून सगळ्यांची सिस्टर. तिसरं माणूस कुठून आणायचं? कप्तानिणीने वाण्याच्या दुकानात, वाचनालयात, धोब्याकडे चिठ्ठ्या चिकटवल्या. 'होडीवर माणूस पाहिजे. पगार नाही. झोप कमी. उलट्या होतील. समुद्र दिसेल.'

"अगं, जरा गोड लिही," सिस्टर म्हणाली.

"गोड लिहून गोडघाशे येतील. मला माणूस पाहिजे."

आली माणसं. एकाला स्वतंत्र खोली पाहिजे होती. एकाला कुत्रा आणायचा होता, आणि कुत्र्याला पाण्याची भीती होती. एका तरुणाने तीन रात्री फोन लागणार नाही हे ऐकलं आणि तो बसल्या जागी पांढरा पडला. एक सुटाबुटातला गृहस्थ होडीभर फिरला, दोऱ्या ओढून पाहिल्या आणि म्हणाला, "छान आहे. कप्तान कुठेत?"

"तुमच्यासमोर."

"नाही, म्हणजे तुमचे मिस्टर..."

"मिस्टर घरी आहेत. त्यांना बोट लागते. तुम्हाला काय लागतं?"

गृहस्थाने मुकाट धक्क्याची वाट धरली.

त्या धक्क्यावर माणूस घ्यायची एक रीत होती. कागद नाही, शपथ नाही. कप्तानाने होडीतून दोर फेकायचा, येणाऱ्याने झेलायचा. झेलला की तो होडीचा. मग पलीकडचा किनारा लागेपर्यंत त्याचं जेवण, त्याचा बिछाना, त्याचा पहारा, सगळं कप्तानाच्या गळ्यात. मध्येच 'नको तू' म्हणता येत नाही. म्हणून जुनी माणसं एकच सांगत. चेहरा दिसल्याशिवाय दोर फेकू नये.

एकोणतीस नोव्हेंबर, शनिवारची रात्र. सकाळी कचेरीचा कारकून तपासायला येणार, आणि तिसऱ्या माणसाचा पत्ता नाही. सिस्टर आत झोपलेली. कप्तानीण होडीवर एकटी उभी. निम्म्याहून जास्त होड्या गेलेल्या, पलीकडे क्रेन येऊन थांबलेली. तिच्याकडे पाहून बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धक्क्याच्या टोकाला, दिवा फुटलेला होता तिथे, कोणीतरी उभं आहे असं तिला वाटलं.

"कोण आहे?"

उत्तर नाही.

"नुसतं बघायला आलात? गावभर बघेच आहेत! यायचंय का होडीवर? की तुम्हालाही कुत्रा आणायचाय?"

तिने दोराचं वेटोळं उचललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून अंधारात फेकलं.

दोर पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. दगडावर आपटल्याचाही नाही.

दोर ताठ झाला.

मग सैल पडला. होडी एका बाजूला किंचित कलली, कोणी पाय ठेवल्यावर कलते तशी. बाई कंदील घेऊन टोकापासून टोकापर्यंत फिरली. कोणी नाही.

सकाळी कारकून आला. कान टोपीत, नाक कागदात. "एक, दोन, तीन," मोजलं आणि शिक्का मारला.

"तीन?" सिस्टरच्या तोंडून निघून गेलं.

"ते पुढे डोलकाठीपाशी बसलेत ना, ते धरून तीनच," कारकून म्हणाला. "त्यांना म्हणावं, थंडी आहे, काहीतरी पांघरा." आणि गेला.

डोलकाठीपाशी काही नव्हतं. सिस्टरने कप्तानिणीकडे पाहिलं. कप्तानिणीने क्रेनकडे पाहिलं.

"सोड दोर," ती म्हणाली. "दिसेना का. कामाला आला म्हणजे झालं."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोकं आहे ठिकाणावर. होडी राहणार नाही. सोड."

पहिला दिवस सुरेख गेला. वारा मनासारखा. रात्री आळीपाळीने पहारा करायचा ठरलं, एकीने दुसरीला उठवायचं. सकाळी चहा घेताना सिस्टर खुशीत होती.

"उठवलं नाहीस गं मला? छान झोप झाली. रात्रभर तूच बसलीस?"

कप्तानिणीचा कप ओठापाशी थांबला.

"मी? मध्यरात्रीच पायाला हात लावून तू मला म्हणालीस ना, जा, झोप. तेव्हा मी अंधारातच चाचपत आत जाऊन पडले."

"मी उठलेच नाही."

दोघी उठून सुकाणूपाशी गेल्या. होकायंत्राचा काटा हवा तिथेच होता. एक केसभर इकडे तिकडे नाही. दोऱ्यांची वेटोळी घालून ठेवलेली. पण उलटी. उजवीकडून डावीकडे. तशी त्या दोघींतली कोणीच घालत नसे.

"हात लावला तो..." सिस्टरने विचारलं, "गार होता?"

"मला वाटलं, तुझे हात नेहमीच गार असतात."

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि सिस्टर आडवी झाली. बादली जवळ घेऊन पडली ती पडलीच. ती रात्र बाईने सुकाणूच्या दांड्यावर एकटीने काढली. आणि तो दिवसही. तिसरी रात्र आली तेव्हा डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. किनारा पूर्वेला. पहाटेपर्यंत दिसायला हवा होता. होडी तशीच ठेवायची, बस्स. एवढंच.

मान एकदा खाली गेली.

वर आली तेव्हा हातात दांडा नव्हता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. कोणीतरी उचलून ठेवल्यासारखे.

दांडा मात्र हलत होता. लाट आली की इकडे. लाट गेली की तिकडे. कसलेल्या माणसाच्या हातात हलतो तसा.

तिने काट्याकडे पाहिलं.

पश्चिम.

होडी परत फिरली होती. किनारा पाठीमागे. पुढे नुसतं पाणी.

"अहो," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. "अहो, तिकडे काही नाही."

दांडा हलत राहिला.

"तिकडे कुठे नेताय... ऐकताय का?"

वारा थांबला. शीड लोंबलं. आणि तरी होडी पुढे चालली होती. पश्चिमेला. आवाज न करता.

तिने दांड्याला हात घातला. लाकूड बर्फासारखं. ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. पाय रोवून ओढला. समोरून कोणीतरी तितकाच ओढत होतं. जास्त नाही. कमी नाही. तेवढाच.

आणि मानेवर श्वास... ओला. दर्याच्या तळाचा वास असलेला.

तिने दांडा तसाच धरून ठेवला. आत सिस्टर कण्हली. एकदाच. मग तोही आवाज थांबला.

...

या ठिकाणी, मामा म्हणाले, दुसरं कोणी असतं तर हात सुटले असते. पण बाईला आठवलं गॅरेज. थंडीत बधिर झालेली बोटं. एकेक फळी वाकवून, ठोकून, घासून बसवलेली. आणि घाबरण्याच्याही पलीकडे जाऊन तिला आला राग.

"ए!" ती गरजली. "होडी कोणाची? फळी कोणी बसवली, तू? खिळा कोणी ठोकला? मी दोर टाकला, तू झेललास. मान्य. तुझा पहारा तू केलास, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण कुठे जायचं ते मी ठरवायचं. मेलास म्हणून काय कप्तान झालास?"

श्वास थांबला.

"चार दिवस मी माणूस शोधत होते. एकेक येडा आला नि गेला. तुला घेतलं ना मी? चेहरा न बघता घेतलं. आता होडीवर राहायचं तर हुकूम माझा. तुला कोणी बुडवलं, कुठे बुडवलं, मला ठाऊक नाही. पण ही होडी तिथे जाणार नाही. सोड दांडा."

काही नाही.

"सोड म्हणते ना!"

कितीतरी वेळ दांडा तसाच राहिला. मग... एकेक बोट उचलावं तसा... ढिला झाला.

बाईने होडी वळवली. शिडात वारा भरला. पहाटेपर्यंत ती दातओठ खाऊन बसून राहिली. मागे वळून तिने पाहिलं नाही. वळायची इच्छा झाली नाही असं नाही. पाहिलं नाही, एवढंच.

उजाडताना किनारा दिसला. बंदराच्या तोंडाशी दगडी बांध लागला, तेव्हा होडी जरा वर उचलल्यासारखी झाली, कोणी उतरल्यावर होते तशी. कप्तानीण म्हणाली, "बरं. या." आणि तिने नव्या धक्क्याला होडी बांधली. आजही तिथेच आहे. फुटलेली नाही.

"आणि मग?" भाचीने विचारलं. तिचा आवाज आता अगदीच बारीक होता.

दांडा नवा होता. निघायच्या आधी महिनाभर बाईने स्वतः तासून बसवलेला, गुळगुळीत. बंदरावर पोचल्यावर सिस्टर तो पुसायला गेली आणि फडकं तिथेच टाकून मागे सरली. मग तिथल्या सुताराला बोलावलं. तो म्हणाला, लाकूड असं झिजायला तीस वर्षं लागतात, रोज धरलं तर. रंधा मारून देऊ का? कप्तानिणीने रंधा लावू दिला नाही. मामांनी तो दांडा पाहिलाय, हात लावलेला नाही. डाव्या हाताने धरल्यासारख्या, लाकडात खोल गेलेल्या खाचा आहेत. चार बोटांच्या. अंगठ्याची नाही.