डोळे आत जायची वाट

"डॉक्टर, लवकर या हो! टिकली गेली!"

आवाज इतका रडवेला होता, की तिने हातातला चहा तसाच ठेवला आणि स्कूटर काढली. जनावरांच्या दवाखान्यात ती नुकतीच रुजू झाली होती.

गोठ्यासमोर कोवळ्या उन्हात, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं वासरू चारी पाय ताणून आडवं पडलं होतं. शेजारी एक उंच तरुण डोक्याला हात लावून बसला होता. त्याची आई मात्र निवांत शेण भरत होती.

तिने वासराच्या कानामागे खाजवलं. टिकलीने एक डोळा उघडला, उठून झक्क आळस दिला आणि तिच्या ओढणीचं टोक तोंडात घेऊन चोखू लागली.

"पोट भरलं की वासरू असंच गाढ झोपतं," ती म्हणाली. "उठल्या उठल्या अंग ताणलं की समजायचं, स्वारी ठणठणीत. झोपलेलं वासरू कधी पाहिलं नाहीत?"

"पाहिलंय... पण इतकं मनापासून झोपलेलं नाही."

हसू लपवायला तिने मान वळवली.

"सगळे ह्याला धसक्या म्हणतात ते उगाच नाही," आई म्हणाली. "मागच्या साली एक वासरू 'बघू उद्या' म्हणता म्हणता गेलं, बाई. तेव्हापासून पान हललं तरी दचकतो."

मग फोनांचा सपाटाच सुरू झाला. टिकली काहीच न खाता तोंड हलवतेय! ("रवंथ करायला शिकली. कौतुक करा.") टिकलीचा एकच कान हलतोय! ("दुसऱ्यावर माशी बसली नसेल.") ती दर वेळी कपाळाला आठ्या घालून जायची आणि गालात हसत परतायची. धसक्याचे केस दर वेळी नीट विंचरलेले असायचे.

एक दिवस मात्र ती एका अडलेल्या गाईपाशी घामाघूम झाली होती आणि फोन आला... टिकलीला उचकी लागली होती.

"अहो, दूध सोडलं, डोळे आत गेले, उठेना झालं, तरच फोन करा!" ती कडाडली.

फोन बंद झाला, तो बंदच. सुटले एकदाची, असं तिने स्वतःला बजावलं. पण चहा पुरता प्यायला मिळूनही गोड लागेना. शेवटी एका सकाळी ती सहज म्हणून त्या रस्त्याने गेली. तो रस्ता तिच्या वाटेवर नव्हता, ही गोष्ट वेगळी.

टिकली मान टाकून बसली होती. शेपटी जुलाबाने बरबटलेली, दूध तसंच उरलेलं. समोर धसक्या टिकलीच्या डोळ्यांत टक लावून बसला होता.

"मला का नाही बोलावलंत?"

"डोळे अजून आत गेले नाहीत ना..." तो टिकलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तुम्हीच म्हणाला होतात."

तिने वासराच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार होतं, चोखण्यात जोर नव्हता.

"चूक माझी," ती सलाइनची नळी जोडत म्हणाली. "पातळ जुलाब आणि दुधाकडे पाठ, एवढं दिसलं की लगेच बोलवायचं. डोळे आत जाईपर्यंत थांबलं तर उशीर होतो. वाचेल ती. तुम्ही फक्त बाटली धरा, थरथरू नका."

तो थरथरला नाही. दुपारी टिकली धडपडत उभी राहिली आणि तिने पुन्हा ओढणीचं टोक तोंडात घेतलं.

"आता ह्यालाही तपासा," आई म्हणाली. "ताट रोज तसंच परत येतंय."

"भूक नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"झोप?"

"तीही नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही... फोन करू नका म्हणालात, तेव्हापासून."

तिचे कान तापले. "मग बोलवायला इतका उशीर?"

"डोळे आत जायची वाट बघत होतो," तो खाली बघत म्हणाला.

ती खळखळून हसली. ओढणी मात्र तिने सोडवून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

"डॉक्टर... टिकली दूध प्यायली. मीही जेवलो. सगळं अगदी ठणठणीत आहे."

"असं?" तिने चहाचा कप खाली ठेवला. "थांबा, आलेच!"