धाकट्याचा कोट

जिन्याखालच्या दुकानात नवे कपडे शिवून तीनेक वर्षं झाली होती. आता सगळे तयारच घेतात. शिंप्याकडे येतं ते लांबी कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला. बसून बसून पाठीचा पार भुगा झालेला, चष्म्याचा नंबर वाढलेला. घर वरच्याच मजल्यावर, एका खोलीचं.

धाकटा भाऊ त्याच मशीनवर शिकला आणि वर्षभरात सोडून गेला. आता त्याची चार दुकानं होती. "नशीब रे दादा, दुसरं काय!" असं तो म्हणायचा, आणि शिंप्याला ते पटायचंही. हेवा करायलासुद्धा अंगात जोर लागतो.

सहा वर्षांपूर्वी त्यानंच धाकट्याला कोट शिवला होता. तो कोट लाभतो म्हणून एवढा पैसेवाला माणूस दुसरा घेत नसे. दरवर्षी पोट वाढलं की कोट दुकानात यायचा, शिंपी अर्धा इंच सैल करून द्यायचा, आणि महिन्याभरात धाकट्याचं काहीतरी नवं उभं राहायचं.

यंदा शिवण उसवताना त्याचा हात थांबला. कोट शिवताना आत माया ठेवली होती इंचभर. पुढे सैल करायला शिंपी जादा कापड आत सोडतो, ती माया. सहा वर्षांत तीन इंच निघाली होती. आणि आत अजून इंचभर होतीच.

टेप झिजला असेल म्हणून त्यानं दुसरा टेप आणला. इंचभरच.

"अहो," बायको जिना उतरून आली. हातात मुलीचा निळा झगा. "पुन्हा ढगळ झालाय. घ्या आत. आज तर तिला उठवेना. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट चांगले आहेत. चुलीत घाला ते रिपोर्ट!" आणि ती तिथेच पायरीवर बसून रडली.

हा झगाही सहाच वर्षांचा; आजारपणात पोरीची उंचीही वाढली नव्हती. दरवर्षी अर्धा इंच आत घेतलेला. शिंपी कापड कधी कापत नाही, दुमडून आत ठेवतो. म्हणजे आत तीन इंच दुमडलेलं कापड हवं.

त्यानं झगा उलटा केला. शिवण सपाट होती. आत काही नव्हतं.

वेड लागायची पाळी आली म्हणतात ती हीच, असं त्याला वाटलं. मग त्यानं कोट ओढला आणि सैल करायच्या ऐवजी इंचभर आत घेतला. धाकट्याकडे पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मुलीनं दोनदा जेवण मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी आपण होऊन जिना उतरली. "बाबा, झगा काखेत काचतोय हो!" म्हणाली आणि हसली. त्याच दुपारी दोनशे गणवेशांचं काम चालत दुकानात आलं. शिंप्याला इतका आनंद झाला की भीतीच वाटली.

आठव्या दिवशी धाकट्याची बायको आली. डोळे सुजलेले, हातात पिशवी.

"दादा, दोन दुकानं जळाली. हे अंथरुणातून उठत नाहीत. अंगावर मांस राहिलं नाही हो." तिनं कोट टेबलावर ठेवला. "तरी म्हणतात, कोट लाभतो, घालूनच बसतो. पण लोंबतोय. जरा आत घ्या."

मग पिशवीतून एक छोटा फ्रॉक निघाला. चार वर्षांच्या पुतणीचा.

"हिचापण ढगळ झालाय."

शिंप्यानं फ्रॉक हातात घेतला. कापड उबदार होतं, आत्ताच अंगातून काढल्यासारखं. त्या पोरीला त्यानं खांद्यावर खेळवलं होतं.

कोटाचा आत घेतलेला इंच पुन्हा सोडला की ही दोघं सावरतील. दहा मिनिटांचं काम.

वर मुलगी आईशी कशावरून तरी भांडत होती. सहा वर्षांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता.

"किती आत घेऊ?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच बघा, दादा. तुमच्या हाताला कळतं."

शिंप्यानं फ्रॉक घडी करून बाजूला ठेवला. कोट पुढ्यात घेतला आणि आधीच्या शिवणीपासून चांगली चार बोटं आत खडूची रेघ मारली.

"परवा या," तो म्हणाला. "छोटीला आणू नका."